सही करू न शकणाऱ्यांचा कायदा

कामगार कायद्याचा इतिहास हा बव्हंशी तक्रारीचा इतिहास आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्यांचा अर्ज तयार केला, तेव्हा त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, इतक्या साध्या त्या मागण्या. रविवारची सुटी पदरात पडायला १८९० साल उजाडले. पण ती पडली. कारण मागणारा माणूस आपले दुखणे बोलून दाखवू शकत होता, शेजारच्याला जमवू शकत होता आणि अर्जाखाली आपले नाव लावू शकत होता. आम्ही तीसेक वर्षे संघटनेचे काम केले, त्यात सारा व्यवहार याच भांडवलावर चालला. कामगाराने तोंड उघडावे, संघटनेने त्याचे कागदावर उतरवावे आणि सरकारी निरीक्षकाने तो कागद हाती घेऊन दाराशी यावे.

पण ज्या माणसाला स्वतःचे नावच आठवत नाही, त्याच्यासाठी कायदा कोणी मागावयाचा? त्याला सकाळी जेवण मिळाले की नाही, रात्री कोणी खाटेला बांधले की काय, हे त्याला संध्याकाळपर्यंत सांगता येत नाही. त्याची तक्रार म्हणजे रडणे, ओरडणे किंवा दाराकडे धाव घेणे. आणि तिलाच रोगाचे लक्षण समजून औषध दिले जाते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या निवासगृहांवर कायद्याची देखरेख कशी असावी, हा प्रश्न मुळात असा आहे. त्याचे उत्तर शोधण्याचा सर्वांत लांब, सर्वांत खर्चाचा आणि चुकांनी भरलेला प्रयोग अमेरिकेत झाला. त्या प्रयोगाची हकीकत श्रोत्यांपुढे ठेवावी, असा आमचा विचार आहे. आपल्या शहरांतूनही आता अशी घरे उभी राहू लागली असल्याने ही हकीकत परक्याची म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

प्रथम रोगाविषयी दोन शब्द. ‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणून आपण हा विषय पिढ्यान्‌पिढ्या हसण्यावारी नेला. पाश्चात्य देशांतही वेगळे काही नव्हते. १९०१ साली जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथील वेड्यांच्या इस्पितळात आउगुस्ट नावाची एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली. आलोइस आल्त्सहायमर या डॉक्टरने तिला तिचे नाव लिहावयास सांगितले. तिने ‘श्रीमती’ एवढा शब्द लिहिला आणि पुढले विसरून गेली. १९०६ साली ती वारल्यावर त्याने तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्याच वर्षी ट्यूबिंगन येथे डॉक्टरांच्या सभेत आपले निष्कर्ष मांडले. १९१० साली क्रेपेलिन या त्याच्या वरिष्ठाने या रोगाला त्याचे नाव दिले. आपण ज्याला ‘अल्झायमर’ म्हणतो तो हाच रोग. पण पुढे जवळजवळ पासष्ट वर्षे हा तरुण वयातला दुर्मिळ रोग मानला गेला आणि म्हाताऱ्या माणसांचे विसरणे म्हणजे नुसता म्हातारचळ, अशीच समजूत राहिली. १९७६ साली रॉबर्ट कॅट्झमन या न्यूयॉर्कच्या मेंदूविकारतज्ज्ञाने एका वैद्यकीय नियतकालिकात ठासून लिहिले की, हे दोन वेगळे रोग नव्हेत आणि हा रोग देशातील मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. म्हणजे रोगाला रोग म्हणावयासच इतकी वर्षे लागली. तोवर या रोग्यांची घरे मात्र केव्हाच उभी राहिली होती. ती कशी उभी राहिली, हे आता पाहू.

येथे न्यूयॉर्कच्या एका कारखान्याची आठवण करणे भाग आहे. २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली आणि १४६ कामगार मेले. त्यांत बहुतेक स्थलांतरित घरांतील तरुण मुली होत्या. नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद होते. मुली कापड चोरतील, म्हणून बाहेर पडताना त्यांची झडती घेता यावी, ही त्यामागची व्यवस्था. त्या दिवशी रस्त्यावरून हा प्रकार पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स नावाची एक तरुण बाई होती. त्या आगीतून न्यूयॉर्क राज्यात चौकशी आयोग नेमला गेला, पर्किन्सबाईंनी त्याच्यासाठी तपासणीचे काम केले आणि कारखान्यांची दारे, जिने व आगीपासूनची सुरक्षितता यांविषयी एकामागून एक कायदे झाले. कुलूप मालकाच्या सोयीचे आणि जीव कामगाराचा, हा व्यवहार कायद्याने प्रथम मोडला तो असा.

पुढे १९३३ साली हीच बाई अमेरिकेची मजूरमंत्री झाली आणि १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा घडविणाऱ्या समितीची अध्यक्ष होती. त्या कायद्याने गरीब वृद्धांना रोख मदत सुरू झाली. तोवर निराधार म्हाताऱ्यांना गावोगावच्या सरकारी दीनगृहांत टाकले जाई. तेथे वेडे, अपंग, दारुडे आणि विसराळू म्हातारे एकाच छपराखाली असत. ही दीनगृहे बंद पडावीत, अशा चांगल्या हेतूने कायद्यात अट घातली गेली की, सार्वजनिक संस्थेत राहणाऱ्याला ही मदत मिळणार नाही. हेतू चांगला, परिणाम निराळा. दीनगृहातला म्हातारा उठून घरी गेला नाही, कारण त्याला घरच नव्हते. तो खासगी मालकाच्या घरात भाड्याने राहू लागला आणि मदतीचा धनादेश मालकाच्या हाती पडू लागला. अमेरिकेतील ‘नर्सिंग होम’ या धंद्याच्या वाढीचे एक मोठे मूळ येथे आहे. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की बाळंतपणाचे वा शस्त्रक्रियेचे लहान खासगी रुग्णालय डोळ्यांपुढे येते. तिकडे त्याचा अर्थ परावलंबी वृद्धांना दीर्घकाळ ठेवण्याची जागा, असा आहे.

सरकारचा पैसा आधी आला, सरकारचा निरीक्षक मागाहून आला. १९५० साली केंद्राने राज्यांना सांगितले की, ज्या घरांना मदतीचा पैसा जातो त्यांच्यासाठी मानके ठरवणारी यंत्रणा उभारा. १९५७ साली मिसूरी राज्यात वॉरेंटन येथील वृद्धगृहाला आग लागून ७२ माणसे गेली. १९६३ साली ओहायो राज्यात फिचव्हिल येथे ६३ गेली. १९६५ साली मेडिकेअर व मेडिकेड या योजना आल्या. पहिली वृद्धांच्या औषधोपचारासाठी, दुसरी गरिबांसाठी. या पैशाचा ओघ सुरू होताच धंदा फोफावला. १९७४ पासून सिनेटर फ्रँक मॉस यांच्या उपसमितीने या घरांविषयी जो अहवाल खंडाखंडाने काढला, त्याच्या शीर्षकातच ‘सार्वजनिक धोरणाचे अपयश’ हे शब्द होते.

आणि या घरांत काम कोण करीत होते? कृष्णवर्णीय व स्थलांतरित स्त्रिया, अगदी तुटपुंज्या मजुरीवर. अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा १९३८ चा. पण इस्पितळे आणि नर्सिंग होम यांतील नोकरांना तो लागू व्हायला १९६६ ची दुरुस्ती यावी लागली. म्हणजे अठ्ठावीस वर्षे म्हाताऱ्यांची सेवा करणारे हात कायद्याच्या हिशेबात नव्हतेच. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण वृद्धसेवेच्या इतिहासात ती सहसा तळटीपेत असते. आमच्या मते ती मजकुरात असावयास हवी.

१९८६ साली अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने या घरांची विस्तृत पाहणी करून अहवाल दिला आणि २२ डिसेंबर १९८७ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सहीने नर्सिंग होम सुधारणा कायदा झाला. हा कायदा म्हणजे या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोठी पायरी होय. त्याच्या आधी या घरांतील शंभरांपैकी सुमारे चाळीस वृद्ध कधी ना कधी पट्ट्यांनी खुर्चीला वा खाटेला बांधले जात. पडू नये म्हणून, भटकू नये म्हणून, आणि खरे कारण सांगावयाचे तर माणसे कमी म्हणून. कायद्याने सांगितले की, शिक्षा म्हणून वा नोकरांच्या सोयीसाठी कोणालाही बांधता येणार नाही. पट्ट्याने नाही आणि गुंगीच्या औषधानेही नाही. सेविकेला किमान ७५ तासांचे शिक्षण हवे. प्रत्येक रहिवाशाची ठरीव तक्त्याप्रमाणे तपासणी हवी. निरीक्षकाने पंधरा महिन्यांच्या आत, आगाऊ न कळविता, येऊन पाहिले पाहिजे. पुढल्या दोन तपांत बांधून ठेवण्याची चाल जवळजवळ नाहीशी झाली. कायद्याने माणसाचे जिणे बदलत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा पाहावा.

औषधांची गोष्ट मात्र इतक्या लवकर सुटली नाही. मनोविकारांवरची काही औषधे स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा त्या औषधांच्या वेष्टनावर छापण्याचा हुकूम २००५ साली निघाला आणि २००८ साली जुन्या औषधांनाही तो लागू झाला. तरीही २०११ च्या अखेरीस नर्सिंग होममधील चारांतील एका वृद्धाला ही औषधे चालू होती. २०१२ साली केंद्राने हे प्रमाण प्रत्येक घरागणिक मोजून जाहीर करावयास सुरुवात केली, तेव्हा ते उतरू लागले. जे मोजले जाते ते सुधारते, हा धडा येथे मिळतो. जे मोजलेच जात नाही त्याचे काय होते, हा पुढला अध्याय आहे.

नर्सिंग होम म्हणजे इस्पितळाची कळा असलेली जागा. लांब ओसरी, एका खोलीत दोन खाटा, ठरल्या वेळी उठणे, ठरल्या वेळी जेवणे. ओरेगन राज्यातील केरेन ब्राउन विल्सन या बाईंच्या आईला पंचावन्नाव्या वर्षी पक्षाघात झाला आणि उरलेले आयुष्य अशा घरांत काढावे लागले. पुढे या कन्येने वृद्धत्वाच्या प्रश्नाचा अभ्यास केला आणि १९८३ साली पोर्टलंड शहरात ११२ बिऱ्हाडांची एक इमारत उघडली. तेथे राहणारा रोगी नव्हता, भाडेकरू होता. त्याचे स्वतःचे स्वयंपाकघर, स्वतःचे न्हाणीघर आणि, ही गोष्ट ध्यानात ठेवावी, आतून लावता येणारे स्वतःचे कुलूप होते. मदतनीस हाकेच्या अंतरावर, पण आत यायचे तर दार वाजवून. या पद्धतीला ‘असिस्टेड लिव्हिंग’, म्हणजे मदतीसह राहणे, असे नाव पडले. ट्रँगलच्या कुलुपाची किल्ली मालकाच्या हाती होती. या कुलुपाची किल्ली राहणाऱ्याच्या हाती आली. हा केवढा फरक आहे!

या घराची हकीकत आज जगभर ठाऊक झाली ती अतुल गवांदे यांच्या २०१४ सालच्या ‘बीइंग मॉर्टल’ या पुस्तकामुळे. गवांदे घराणे आपल्या विदर्भातले, उमरखेडकडील उटी गावचे. लेखकाचे आजोबा सीताराम गवांदे शंभरी ओलांडूनही रोज घोड्यावर बसून शेतावर फेरी मारीत आणि भोवती भरलेले घर असे. नातवाने तो काळ गोंजारून मांडला नाही, हे विशेष. म्हाताऱ्याला मनासारखे जगता आले, ते घरात सेवेला माणसे होती म्हणून, हे त्याने स्पष्ट लिहिले आहे. आम्ही त्यात एवढीच भर घालू की, त्या माणसांत सुना अधिक असतात आणि त्यांच्या तासांची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही.

असो. विल्सनबाईंची कल्पना चांगली ठरताच कंपन्या पुढे आल्या. १९९० नंतर त्यांनी शेअर बाजारातून पैसा उभारला आणि राज्याराज्यांत इमारती बांधल्या. १९८७ चा कायदा मात्र या घरांना लागू नव्हता. तो फक्त मेडिकेअर-मेडिकेडचा पैसा घेणाऱ्या नर्सिंग होमना बांधील होता. ही नवी घरे मुख्यतः रहिवाशाच्या स्वतःच्या पैशावर चालत. म्हणून त्यांचे नियम ज्या त्या राज्याने करावयाचे. पन्नास राज्ये, पन्नास तऱ्हा. नावेसुद्धा एक नाहीत.

दरम्यान राहणारी माणसे बदलली. धडधाकट भाडेकरू म्हातारा झाला, विसरू लागला, आणि नवे येणारे तर विसरू लागल्यावरच येऊ लागले. आज अमेरिकेतील अशा घरांत सुमारे दहा लाख माणसे राहतात आणि त्यांतील दहांपैकी चारांना स्मृतिभ्रंश आहे. कंपन्यांनी त्यांच्यासाठी इमारतीत निराळा मजला काढला, भाडे वाढविले आणि त्याला ‘मेमरी केअर’ असे गोड नाव दिले. त्या मजल्याच्या दारालाही कुलूप आहे. ते आकडे दाबून उघडते आणि ते आकडे रहिवाशाला ठाऊक नसतात. किल्ली पुन्हा हातातून गेली.

येथे कायद्याची खरी अडचण सुरू होते. असिस्टेड लिव्हिंगचा सारा डोलारा करारावर उभा आहे: रहिवासी शहाणा आहे, तो निवड करतो, धोका पत्करतो आणि सही करतो. काही राज्यांत तर ‘वाटाघाटीने पत्करलेला धोका’ असा कागदच करून घेत. मला गोड खायचे आहे, साखर वाढली तर जबाबदारी माझी, अशा धर्तीचा. शहाण्या माणसाच्या बाबतीत त्यात त्याचा मान आहे. पण ज्याला आपले नाव लिहिता येत नाही त्याची सही कोणाची? मुलाची, मुलीची. ती घाईत, अपराधी मनाने, पन्नास पानांच्या शेवटी केलेली. त्या पानांत पुष्कळदा असेही कलम असते की, वाद झाल्यास न्यायालयात न जाता खासगी लवादापुढे जाऊ. असे कलम प्रवेशाची अट म्हणून घालू नये, असा नियम केंद्राने २०१९ साली नर्सिंग होमसाठी केला. असिस्टेड लिव्हिंगला तो लागू नाही. रोजंदारीच्या कोऱ्या कागदावर अंगठा घेणारे मुकादम आम्ही पाहिले आहेत. येथे कागद गुळगुळीत आहे, एवढाच भेद.

राज्यांनी पहिला उपाय योजला तो जाहिरातीचा. स्मृतिभ्रंशाची विशेष सेवा देतो असे म्हणणाऱ्याने ती सेवा काय, शिक्षण किती, खर्च किती, हे लेखी सांगावे, असे कायदे १९९० च्या सुमारास व त्यानंतर अनेक राज्यांत झाले. सांगावे एवढेच, करावे किती, हे पुष्कळ ठिकाणी मोकळे राहिले. १९९९ साली अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने चार राज्यांतील घरांचे कागद तपासले, तेव्हा दोन वर्षांत चौथ्या हिश्श्याहून अधिक घरांत पाच वा अधिक दोष नोंदलेले आढळले. सिनेटच्या सांगण्यावरून सुमारे पन्नास संस्थांचे मंडळ बसले. २००३ साली त्यांनी ११० शिफारशी केल्या. त्या शिफारशीच राहिल्या. केंद्रीय कायदा झाला नाही. तोवर मेडिकेडचा पैसाही या घरांत झिरपू लागला होता. २०१८ साली त्याच लेखापरीक्षण कार्यालयाने विचारले की, या घरांत गंभीर घटना, म्हणजे मारहाण, हेळसांड, अनपेक्षित मृत्यू, किती झाल्या? ४८ राज्यांपैकी २६ राज्यांना आकडाच देता आला नाही. जे मोजले जात नाही, असे आम्ही वर म्हटले ते हेच.

दाराची गोष्टही अर्धीच सुटली. २०१८ पासूनच्या सुमारे पाच वर्षांत अशा घरांतून कोणाच्या नकळत बाहेर पडून सुमारे शंभर माणसे मेली, असे वॉशिंग्टनच्या एका मोठ्या वृत्तपत्राने २०२३ च्या अखेरीस शोधून छापले. कोणी थंडीत गारठून गेले, कोणी उन्हात. कित्येक दारांना घंटा होती. घंटा वाजलीही. पण ती ऐकून उठणारे कोणी नव्हते, किंवा रोज दहादा वाजते म्हणून कोणी उठले नाही. ज्याने कारखान्यात रात्रपाळी केली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कुलूप हा पहारेकरी नव्हे. कुलूप म्हणजे पहारेकऱ्याची वाचवलेली मजुरी.

उलट बाजूनेही विचार करावा लागतो. केंद्राच्या २०१४ च्या नियमाप्रमाणे, मेडिकेडच्या समाजनिवास योजनेचा पैसा घेणाऱ्या जागी माणसाला मोकळेपणाने वावरता आले पाहिजे. अडवावयाचे तर प्रत्येकाचे कारण स्वतंत्रपणे लिहून ठेवावयाचे. सरसकट कुलूप चालावयाचे नाही. म्हणजे एकाच दारापाशी दोन न्याय उभे आहेत: जाऊ द्यावे तर जीव धोक्यात, न द्यावे तर मूळचे माणूसपण. या दोन न्यायांना एकत्र नांदवणारी वस्तू एकच आहे, आणि ती यंत्र नव्हे. निघालेल्या म्हाताऱ्याबरोबर चार पावले अंगणात चालून त्याला परत आणणारा माणूस.

म्हणूनच गेल्या काही वर्षांतील दोन राज्यांचे कायदे आम्हांस महत्त्वाचे वाटतात. मिनेसोटा राज्यात २०२१ पर्यंत अशा घरांना परवानाच नव्हता. इमारत नोंदली जाई भाड्याचे घर म्हणून आणि सेवा नोंदली जाई घरी जाणाऱ्या परिचारिकेची म्हणून. दोन्ही खात्यांच्या मधल्या फटीत म्हातारा. २०१७ साली तेथील वृत्तपत्राने दाखवून दिले की, आरोग्य खात्याकडे येणाऱ्या आरोपांपैकी फार मोठ्या भागाची जागेवर जाऊन चौकशीच होत नाही. पीडितांच्या मुलामुलींनी संघटना बांधली, विधिमंडळाच्या पायऱ्या झिजविल्या आणि २०१९ साली कायदा करून घेतला. १ ऑगस्ट २०२१ पासून तो अमलात आला. त्यात स्मृतिभ्रंशासाठी निराळा परवाना आहे, नोकरांच्या शिक्षणाचे तास ठरले आहेत, आणि कुलूपबंद विभागात चोवीस तास जागा असलेला माणूस प्रत्यक्ष हजर पाहिजे, असे स्वच्छ शब्द आहेत. जॉर्जिया राज्याने २०२० साली कायदा केला, तोही अटलांटाच्या वृत्तपत्राने प्रकरणे उघडकीस आणल्यावर. त्याप्रमाणे मेमरी केअरमध्ये जागेपणीच्या वेळी बारा रहिवाशांमागे एक आणि झोपेच्या वेळी पंधरांमागे एक शिकलेला सेवक हवा.

हा आकडा थोर आहे, असे आम्ही म्हणत नाही. बारा विसराळू माणसांना एकटीने न्हाऊमाखू घालून जेवू घालणाऱ्या बाईला विचारावे. पण आकडा आहे, ही गोष्ट थोर आहे. पुष्कळ राज्यांच्या नियमांत आजही ‘पुरेसे’ नोकर असावेत, असा शब्द आहे. ‘पुरेसे’ म्हणजे किती, हे मालक ठरवितो. आपल्याकडील १८८१ चा पहिला कारखाना कायदा अगदी दुबळा होता. पण सात वर्षांखालील मूल नको, बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला नऊ तासांवर काम नको, असे आकडे त्याने घातले. आकडा असला की निरीक्षक बोटावर मोजतो आणि दोष लिहितो. ‘पुरेसे’ असले की चहा पिऊन परत जातो. केंद्रानेही २०२४ साली नर्सिंग होमसाठी आकडा ठरविला होता: दर रहिवाशामागे दिवसाला ३.४८ तासांची सेवा. २०२५ साली टेक्सासच्या न्यायालयाने तो नियम रद्द केला आणि संसदेने त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत पुढे ढकलली. माणसे मिळत नाहीत, असे मालकांचे म्हणणे. त्या मजुरीत मिळत नाहीत, हे वाक्याचे उरलेले अर्धे.

या साऱ्या इतिहासावरून आमचा निष्कर्ष असा. तक्रारीवर चालणारा कायदा तक्रार न करू शकणाऱ्याला अपुरा पडतो. तेथे कायद्याने तीन गोष्टी आधीच मोजून ठेवल्या पाहिजेत: जागी असलेली माणसे किती, दिलेली गुंगीची औषधे किती, आणि घडलेले अपघात किती. शिवाय एक तोंड उसने द्यावे लागते. नातेवाईक रविवारी येतो, निरीक्षक वर्षातून एकदा. रात्री तीन वाजता काय झाले हे पाहणारी एकटी असते, आणि ती म्हणजे आया. ती बोलली तर नोकरी जाते, अशी स्थिती असेल तर त्या घरातील म्हातारा मुका तो मुकाच. तिच्या नोकरीचे संरक्षण, तिची मजुरी, तिची संघटना, हे तिच्या पोटाचे प्रश्न तर आहेतच. परंतु ते म्हाताऱ्याच्या संरक्षणाचे कलमही आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाप्रमाणे भारतात साठ वर्षांवरील शंभरांमागे सातांहून अधिक, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा निराधारांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत वृद्धाश्रमांची गोष्ट बोलतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकाराच्या व्याख्येत स्मृतीचा विकारही घेतला आहे, एकांतकोठडीस मनाई केली आहे आणि बांधून ठेवण्यावर कडक मर्यादा घातली आहे. त्यात आणखी एक चांगले कलम आहे. शुद्ध असताना माणसाने आगाऊ लिहून ठेवावे की, पुढे माझी बुद्धी चालेनाशी झाली तर मला कसे वागवावे, कसे वागवू नये, आणि माझ्या वतीने कोणी बोलावे. म्हणजे सही करता येते तोवर सही करून ठेवण्याची वाट कायद्याने दिली आहे. या सभागृहात बसलेल्या प्रौढांनी ती वाट वापरावी.

पण एकेकट्याच्या सहीवर हा प्रश्न सुटणार नाही. उपनगरांतून ज्या नव्या इमारती वृद्धांसाठी उठत आहेत, त्यांच्या चकचकीत माहितीपत्रकात बाग असते, योगवर्ग असतात, चोवीस तास सुरक्षा असते. आपल्या माणसाला तेथे ठेवावयास जाल तेव्हा बाग अवश्य पाहा. मग व्यवस्थापकाला तीन प्रश्न विचारा: रात्री या मजल्यावर किती माणसे असतात, त्यांतील किती जागी असतात, आणि त्यांना पगार किती देता? उत्तर लेखी मागा. सरकारकडेही हेच तीन आकडे मागावयाचे आहेत, आणि तेही आताच, ज्यांना मागता येते त्यांनी. १८८४ च्या त्या अर्जावरील माणसे स्वतःसाठी सही करीत होती. हा अर्ज आपल्याला दुसऱ्यांसाठी करावयाचा आहे. आणि आयुष्य लांबत चालले असल्याने, त्यांत उद्याचे आपणही आहोत.